गर्भिणीचें मुखलेपन

दिवस गेलेल्या पुष्कळ स्त्रियांच्या गालांवर, कपाळावर व वरच्या ओठावर काळसर डाग उमटतात. त्यांस आपण वांग म्हणतों. शब्द संस्कृत 'व्यंग' याचाच वंशज असून सुश्रुतानें त्याची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. क्षुद्र म्हणजे लहानसा, हें घरांतील वडीलधाऱ्यांनीं आधीं ध्यानांत घ्यावें. कारण डाग दिसतांच सासूबाई, नणंद, शेजारीण अशा सर्वांकडून सूनबाईच्या हातीं एकेक डबी येते, आणि भय असतें तें त्या डबींत.

वांग घालविणाऱ्या कित्येक मलमांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व एखादें स्टेरॉइड अशीं तीन द्रव्यें एकत्र असतात. पैकीं हायड्रोक्विनोन त्वचेंतून रक्तांत बरेंच शोषलें जातें. ट्रेटिनॉइन 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळांतलें. त्याच कुळांतील आयसोट्रेटिनॉइन हें मुरुमांवरचें पोटांत घेण्याचें औषध अमेरिकेंत १९८२ सालीं विक्रीस आलें, आणि पुढल्याच वर्षीं जन्मतः विकृति असलेल्या अर्भकांच्या वार्ता येऊं लागल्या. मलमांतून हें द्रव्य फार थोडें अंगांत जातें हें खरें. तथापि डॉक्टर तें गरोदरपणीं वर्ज्य मानतात व तेंच योग्य. डबीवर रेटिनॉल किंवा अॅडापालीन हीं नांवें दिसलीं तरी तोच नियम. दिवस राहिल्याचें कळण्यापूर्वीं लावलें गेलें असल्यास घाबरूं नये. बंद करून डॉक्टरांस सांगावें.

याहून वाईट पारा. गोरेपणाचें आमिष दाखविणाऱ्या, करणाऱ्याचा ठावठिकाणा नसलेल्या डब्यांत तो आजही सांपडतो. २०२३ सालीं केरळांतील मलप्पुरम जिल्ह्यांत अशा मलमांपायीं मूत्रपिंडें बिघडलेले रोगी आढळले. शिवाय पारा वारेंतून गर्भापर्यंत पोंचतो. 'आयुर्वेदिक' एवढें छापलेलें पाहून निश्चिंत होऊं नये. आपल्या रसशास्त्रांतही पारा आहेच. गोरें नातवंड व्हावें म्हणून केशराचें दूध पाजतात, तें बिचारें निरुपद्रवी. ही डबी तशी नव्हे.

वांग उन्हानें वाढतात. तेव्हां छत्री, डोक्यावर पदर, आणि झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलें सनस्क्रीन, एवढें पुरे. फारच मनास लागलें तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें अॅझेलाइक अॅसिडाचें मलम चालतें. बाळंतपणानंतर कांहीं महिन्यांत पुष्कळ जणींचे डाग आपोआप फिके होतात.

त्वचेचीच आणखी एक गोष्ट. पोट ताणल्यानें सुटणाऱ्या खाजेस खोबरेल पुरतें. परंतु शेवटच्या महिन्यांत पुरळ नसतां तळहात-तळपायांस रात्रीं असह्य खाज सुटली, तर तेल चोळीत बसूं नये. तें यकृताच्या विकाराचें चिन्ह असूं शकतें, व त्यांत बाळास धोका असतो. त्याच दिवशीं डॉक्टरीणबाईंकडे जाऊन रक्त तपासून घ्यावें.