तीन आठवडे एकाच अंगणात

डिसेंबरचा मध्य आला की अमरावती-अकोल्याच्या अनेक घरांत वरच्या खोलीतली गादी उन्हात पडते, बाथरूममध्ये गिझर बसतो आणि आजी नातवंडांची उंची दारामागच्या जुन्या खुणेवर अंदाजाने मोजू लागते. परदेशी शाळांना सुट्टी लागलेली असते. आखातातल्या शाळांना साधारण तीन आठवडे, अमेरिका-इंग्लंडच्या शाळांना दोन, ऑस्ट्रेलियातल्या मुलांना तर उन्हाळ्याचे जवळपास सहा. वऱ्हाडातून बाहेर पडलेल्या पिढीची ही मुलं. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चं. बडनेरा आणि शेगावची महाविद्यालयं १९८३ ची. तिथून पदवी, मग पुणे, मग परदेश, अशी वाट गेल्या तीन-चार दशकांत इतकी मळली आहे की गावोगावच्या आळ्यांत एखादं तरी घर तिच्या टोकाशी जोडलेलं सापडतं. हे लोक परततात ते हिवाळ्यात, कारण दुसरा पर्याय नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि अमेरिकेची लांब सुट्टी जून-ऑगस्टची म्हणजे ऐन पावसाची. मुलांना घेऊन यावं असे दिवस डिसेंबर-जानेवारीचेच. पण या मोजक्या दिवसांचं नियोजन बहुतेक घरांत एकाच ठरावीक पद्धतीने होतं: आल्यावर चार दिवस घरी, मग राजस्थान किंवा केरळ, मग गोवा, वाटेत पुण्यातली खरेदी, आणि जाताना पुन्हा दोन दिवस घरी. दहा वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर हे नियोजन चुकीचं आहे, असं माझं ठाम मत आहे. ही सगळी सुट्टी वऱ्हाडातच आणि शक्यतो एकाच अंगणात गेली पाहिजे.

आधी साधा हिशेब करू. न्यूयॉर्क आणि भारत यांच्यात हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर असतं. शरीराचं घड्याळ दिवसाला सुमारे तासभर सरकतं, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. म्हणजे चार वर्षांचं मूल पहिले आठ-दहा दिवस रात्री दोनला टक्क जागं आणि दुपारी जेवणाच्या ताटावर पेंगत, असंच असणार. प्रवासाचे जाऊन-येऊन तीन-चार दिवस वेगळेच. अमरावतीला पोचणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. बेलोऱ्याच्या विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची विमानसेवा सुरू झाली, मुंबईहून रात्री निघणारी अमरावती एक्सप्रेस सकाळी पोचवते, आणि अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण पाच दिवसांहून कमी वेळात, म्हणजे १०५ तास ३३ मिनिटांत करून विश्वविक्रम झाला. तरीही दोन आठवड्यांच्या सुट्टीतून झोप आणि प्रवास वजा केला की हातात मोजकेच दिवस उरतात. त्या दिवसांचे तीन शहरांत तुकडे केले तर मुलाच्या वाट्याला येतात हॉटेलच्या खोल्या, आणि त्या त्याने दुबईत किंवा शिकागोत पाहिलेल्याच असतात.

पण दिवसांच्या हिशेबापेक्षा मला भाषेचा हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो. लहान मुलाची भाषा किती वेगाने येते हे आपण कौतुकाने सांगतो. ती किती वेगाने जाते हे सांगत नाही. याचा कठोर पुरावा कोरियातून आलेला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो कोरियन मुलं युरोप-अमेरिकेतल्या घरांत दत्तक गेली. त्यांच्यापैकी तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये गेलेल्या आठ जणांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ वर्षांचं मूल म्हणजे बोलणारं, भांडणारं, गोष्ट सांगणारं मूल. तरी मोठेपणी या आठही जणांना कोरियन वाक्यं इतर परक्या भाषांतल्या वाक्यांपासून ओळखता आली नाहीत, आणि ती ऐकताना त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा जन्मापासून फ्रेंच असलेल्या माणसांसारख्याच निघाल्या. ज्या आईबापांना वाटतं की ‘आमचा मुलगा घरात मराठी बोलतो, ती कुठे जाणार आहे?’, त्यांनी हा निकाल जपून ठेवावा. अर्थात दत्तक गेलेल्या मुलांची भाषा एका दिवसात पूर्ण तुटली होती. परदेशातल्या मराठी घरात ती आईच्या तोंडी शिल्लक असते. पण शाळा सुरू झाली की मूल मराठीतला प्रश्न ऐकतं आणि इंग्रजीत उत्तर देतं. दोन वर्षांत प्रश्नही इंग्रजीत येऊ लागतो, कारण थकलेल्या आईबापांना तेच सोपं पडतं.

इथे हमखास येणारा आक्षेप असा की एवढी लहान मुलं काय लक्षात ठेवणार. पाच वर्षांच्या पोराला आजीचं अंगण पुढे आठवणारही नाही, मग ती मोठी झाल्यावरच आणू. याचंही उत्तर कोरियन मुलांनीच दिलं आहे. नेदरलँड्समध्ये दत्तक गेलेल्या आणि कोरियन पूर्ण विसरलेल्या प्रौढांना २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोरियन व्यंजनांचा सराव देण्यात आला. कोरियनमध्ये काही व्यंजनांचे तीन-तीन प्रकार आहेत आणि डच कानाला ते वेगळे कळत नाहीत. थोड्या सरावानंतर या मंडळींचे उच्चार इतर डच शिकणाऱ्यांपेक्षा सरस झाले, आणि सहा महिन्यांच्या आत कोरिया सोडलेल्यांनाही तो फायदा मिळाला. म्हणजे वरची आठवण पुसली गेली तरी खाली काहीतरी टिकून राहतं आणि पुन्हा पाणी मिळालं की उगवतं. म्हणून लहानपणची सुट्टी वाया जाते हा समज मला मान्य नाही. उलट, वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी ऐकलेले ‘ळ’ आणि ‘ण’, आजीचं ‘मले’ आणि ‘तुले’, शेजारणीचं ‘काऊन बापा, जेवला का?’ ही पंधराव्या वर्षी वर्ग लावून विकत घेता येणारी गोष्ट नाही. तीन आठवड्यांत मूल मराठी शिकेल, असं मी म्हणत नाही. पण मराठीवाचून पाणी मिळत नाही, पतंगाचा मांजा मिळत नाही, आबाजींच्या गाडीवर पुढे बसायला मिळत नाही, अशी गरज त्याला वर्षभरात फक्त इथेच पडते. मूल भाषा बोलतं ते गरजेपोटी, आपल्या अभिमानापोटी नव्हे. हॉटेलात ही गरज पडत नाही. तिथे सगळे त्याच्याशी इंग्रजीत बोलतात.

आणि गुंतवून ठेवायला वऱ्हाडाच्या हिवाळ्याइतकं समृद्ध दुसरं काय आहे? डिसेंबरात पऱ्हाटीची बोंडं फुटलेली असतात; मुलाने एक बोंड स्वतः वेचावं, कापसातली सरकी बोटांनी काढून पाहावी, म्हणजे अंगातला सदरा कुठून आला हे त्याला कळेल. तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, त्यांचे दाणे सोलण्याचं काम पाच वर्षांच्या हातांसाठीच बनलेलं आहे. हरभऱ्याचे शेंडे खुडले की बोटांना आंबट चव येते, ती त्या पानांवरच्या आंबेची, आणि ती चव कुठल्याही सहलीच्या अल्बमपेक्षा जास्त टिकते. वरूड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार या पट्ट्यात आंबिया बहाराची संत्री तोडणीला आलेली असतात. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात पंजाबरावांच्या जयंतीच्या, म्हणजे २७ डिसेंबरच्या सुमारास बहुतेक वर्षी कृषी प्रदर्शन भरतं. ट्रॅक्टर पाहायला लहान मुलाला कारण लागत नाही. हे पंजाबराव स्वतः विलायतेत शिकून, बॅरिस्टर होऊन १९२६ मध्ये परत आले आणि १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. परदेशातल्या नातवाला आबाजींनी सांगावी अशी ही गोष्ट आहे. २० डिसेंबर हा गाडगेबाबांचा स्मृतिदिन. १९५६ साली याच दिवशी वलगावजवळ त्यांचं निधन झालं आणि अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. त्याच तारखेला चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा सुरू होते. रोडगे, वांग्याची भाजी, मातीच्या हंडीतलं मटण, पाळणे, राहुट्या आणि पहाटेची थंडी. ही यात्रा महिनाभराहून अधिक चालते. दक्षिण कोरियात ह्वाचॉन नावाचा तीस हजारांहून कमी वस्तीचा डोंगराळ जिल्हा आहे. त्यांनी २००३ पासून जानेवारीच्या गोठवणाऱ्या थंडीतच उत्सव भरवायला सुरुवात केली: नदीच्या बर्फाला भोक पाडायचं आणि गळ टाकून मासा धरायचा. चांगल्या वर्षी तिथे दहा लाखांवर लोक येतात, मुलाबाळांसकट. त्या लोकांना आपल्या ऋतूची किंमत कळली. आपल्याकडे बहिरम आयतं आहे, आणि आपण नातवंडांना गोव्याला पाठवतो.

आता ज्या अडचणी खऱ्या आहेत त्या मान्य केल्या पाहिजेत. सर्वात मोठी अडचण अशी की डिसेंबरात इथल्या मुलांना सुट्टी नसते. राज्य मंडळाच्या शाळा दिवाळीला आणि उन्हाळ्यात बंद असतात. नाताळची लांब सुट्टी काही मोजक्या शाळांनाच मिळते. त्यामुळे चुलत-मामे भावंडं सकाळी दप्तर घेऊन निघून जातात आणि पाहुणं पोर दुपारपर्यंत एकटं राहतं, आणि मग त्याच्या हातात मोबाइल येतो. पण हेच दिवस शाळांच्या स्नेहसंमेलनांचेही असतात. भावाचं नाटक, बहिणीचा नाच, त्याची आठवडाभर चाललेली तालीम, यात पाहुण्या मुलाला सहज सामावून घेता येतं. दुपार, संध्याकाळ आणि रविवार आहेतच. सकाळचा वेळ आजी-आबाजींचा. मुलाला कंटाळा येईल, ही भीती आईबापांना जास्त वाटते. कंटाळलेलं मूल तासाभराने उठतं आणि मागच्या वाड्यात काय चाललंय ते पाहायला जातं. तेवढा तास धीर धरावा लागतो.

पाण्याची काळजी रास्त आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला-अमरावतीच्या बऱ्याच गावांना भोवतो. भूजल खारं आहे, आणि बाहेरून आलेल्या मुलाचं पोट बिघडतं. त्यासाठी उकळलेलं पाणी, उघड्यावरचं टाळणं, निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून लसी, आणि रात्रीसाठी मच्छरदाणी हे उपाय आहेत. थंडीचंही तसंच. दुपारी २८-३० अंशांचं ऊन पाहून लोक स्वेटर आणत नाहीत, आणि रात्री पारा दहाच्या आसपास उतरला की बिना-हीटरच्या घरात मूल कुडकुडतं. पण जागोजागची हॉटेलं, विमानं आणि पर्यटनस्थळांची गर्दी यांत मूल कमी आजारी पडतं असं कोण म्हणेल? एका घरात निदान कोणतं पाणी प्यायलं हे तरी कळतं.

याहून नाजूक अडचण आहे ती घरातल्या बाईची. तीन आठवडे चार माणसं वाढली तर त्यांचा स्वयंपाक सत्तरीतल्या आजीने करायचा का? नाही. ही सुट्टी तिच्या पाठीवर उभी राहणार असेल तर तिला काही अर्थ नाही. फिरण्यावर जो पैसा जाणार होता त्यातून घरात मदतीला बाई ठेवावी, आणि परदेशात रोज भांडी घासणाऱ्या मुलाने इथेही घासावीत. ते पाहून नातवंडंही काही शिकतील. दुसरा प्रश्न दोन घरांचा. बाप अमरावतीचा आणि आई अकोल्याची असेल तर ‘घर’ म्हणजे फक्त बापाचं, असं गृहीत धरलं जातं. तो अन्याय आहे. दोन्ही गावांत शंभर किलोमीटरचंही अंतर नाही. सुट्टीचे सरळ दोन भाग करावेत, रोजच्या येरझारा करू नयेत. आणि भेटीगाठींचा सपाटा आवरावा. दिवसाला पाच घरं, प्रत्येक घरी चहा-चिवडा आणि ‘इंग्लिशमध्ये पोएम म्हणून दाखव’ ही फर्माईश, यात मूल रडकुंडीला येतं. ज्यांना भेटायचं त्यांना एका संध्याकाळी वांग्याच्या भरिताला बोलवा. मूल अंगणात खेळत राहील आणि सगळ्यांना भेटेलही.

मुलांनी आपला देश पाहू नये का, असंही विचारलं जाईल. जरूर पाहावा. पण डिसेंबरअखेर ते जानेवारी उत्तर भारतात दाट धुकं असतं, विमानं आणि गाड्या तासन्‌तास उशिराने धावतात, आणि ताजमहाल धुक्यात दिसत नाही, हे सहल आखताना फारसं कोणी सांगत नाही. ते सगळं मुलं बारा-चौदा वर्षांची झाली की त्यांना समजून घेता येईल. आजी-आबाजी तोवर थांबतील याची खात्री नाही. कुठे बाहेर जायचंच असेल तर चिखलदरा आहे: सुमारे अकराशे मीटर उंचीवर, कॉफीचे मळे, शेजारी गाविलगड, आणि १९७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत गणलं गेलेलं मेळघाट. तिथल्या कोरकू मुलांची घरातली भाषा मुंडा कुळातली, मराठीहून सर्वस्वी वेगळी. तीही शाळेत दुसऱ्याच भाषेला सामोरी जातात. परदेशातल्या मराठी मुलाला ती बरोबरीची वाटतील. ही सहल एका मुक्कामाची होते.

या सुट्टीची तिकिटं ऑगस्ट-सप्टेंबरातच काढली जातात, म्हणून आत्ताच विनंती करतो. नागपूर किंवा मुंबईला उतरून घरी पोचण्याचं आणि घरून परत जाण्याचं, एवढीच दोन तिकिटं काढा. मधलं तिसरं काढू नका. बहिरमची यात्रा २० डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालते.