साठवणीच्या पाण्यातील डासांविषयी नागरिकांस जाहीर आवाहन

मराठवाड्यातील अनेक शहरांत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येत असल्याने घरोघरी हौद, पिंपे आणि रांजण भरून ठेवावेच लागतात, आणि डेंग्यू व चिकुनगुन्याचे विषाणू पसरवणारा एडिस इजिप्ती हा पांढऱ्या पट्ट्यांचा, दिवसा चावणारा डास नेमका अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यात वाढतो. तुंबलेल्या गटाराबद्दल नगरपालिकेला जाब विचारणे रास्तच आहे, कारण हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास तेथे वाढतो. मात्र एडिस सहसा काहीशे मीटरपलीकडे जात नसल्याने त्याचा उगम बहुधा स्वतःच्या किंवा शेजारच्या अंगणातच सापडतो.

या डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी पुन्हा वर चढले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणूनच केवळ पाणी ओतून देऊन लगेच पुन्हा भरलेले पिंप निर्धोक होत नाही. अंड्यातून निघालेल्या अळीचा कोष आणि कोषाचा डास होण्यास उबदार हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात, त्यामुळे प्रत्येक कुटुंबाने आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावा, म्हणजे त्या दिवशी भांडी रिकामी करून त्यांच्या आतल्या कडा काथ्याने किंवा ब्रशने खरवडून घासाव्यात व ती पूर्ण वाळू द्यावीत. कूलर, फ्रिजमागील ट्रे, कुंडीखालची बशी आणि पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे यांनाही हाच नियम लावावा. जुने टायर व करवंट्या तर अंगणात ठेवूच नयेत.

जो हौद उपसणे शक्य नाही, त्यावर घट्ट झाकण बसवावे किंवा त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत; हे मासे परदेशी असल्याने ओढ्यात वा तळ्यात मात्र सोडू नयेत. आरोग्य कर्मचाऱ्यांनी टाकलेले टेमिफॉस हे अळीनाशक ठरलेल्या प्रमाणातच असते, त्यामुळे ते काढून टाकू नये.

धूरफवारणीची मागणी हिरिरीने होते, कारण धूर डोळ्यांना दिसतो. पण त्याने फक्त त्या वेळी उडणारे डास मरतात, घरात कपड्यांआड बसलेले बहुतांशी वाचतात आणि पाण्यातील अळ्यांना तर धक्काही लागत नाही. ताप आल्यास रक्ततपासणी करून घ्यावी, आणि डेंग्यूची शंका फिटेपर्यंत अ‍ॅस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.