तेजीतील प्रलोभन

अर्थव्यवस्था तेजीत असताना साखळी पद्धतीच्या विक्रीयोजनांकडे कोण वळेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. अनुभव मात्र उलट आहे. २०१०-११ साली देशाचा विकासदर आठ टक्क्यांहून अधिक होता. त्याच सुमारास 'स्पीक एशिया'ने प्रत्येकी अकरा हजार रुपये घेऊन लाखो सभासद जमविले आणि २०११ मध्ये तो डोलारा कोसळला. मंदीत माणसाला पोटाची चिंता असते, तेजीत मागे राहण्याची. शेजाऱ्याच्या दारी मोटार आली की ठरावीक पगाराचा कारकून वा शिक्षक अस्वस्थ होतो. त्याच्या गाठीशी थोडी शिल्लकही असते. प्रचारक नेमका या दोहोंचा लाभ घेतो.

गणित मात्र तेजीला जुमानत नाही. प्रत्येकाने सहा जण आणायचे म्हटले, तर आठव्या पायरीवरच १६,७९,६१६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या होती सुमारे पाच लाख! शिवाय साखळी कोणत्याही पायरीवर थांबली, तरी सहांपैकी पाच सभासद तळाशीच राहतात.

१९७८ च्या कायद्याने अशा पैसा फिरविण्याच्या योजनांवर बंदी घातली. २०२१ च्या थेट विक्री नियमांनीही पिरॅमिड योजना निषिद्ध ठरविल्या. परंतु मिरजेसारख्या गावात निमंत्रण घेऊन येतो तो सहकारी, माजी विद्यार्थी किंवा मेहुणा. तेथे कायद्यापेक्षा भीड प्रबळ ठरते. म्हणून एकच प्रश्न विचारावा: नवा सभासद न आणता, केवळ माल विकून किती मिळेल? उत्तरात आकड्यांऐवजी स्वप्ने आली, तर नकार देण्यातच आप्तधर्म आहे.