तासाभराचं नको, वर्षभराचं शिका

जपानात राहायला आलेल्या मराठी घराचं पहिलं वर्ष कसं जातं, हे आता पाठ झाल्यासारखं आहे. वॉर्ड ऑफिसातली नोंदणी, कचऱ्याचे वार, तूरडाळ कुठे स्वस्त मिळते याचा शोध. मग साकुरा, फुजी, क्योतो, आणि गणपतीत मराठी मंडळ. एकजण कंपनीत, दुसरं डिपेंडंट व्हिसावर घरी. तोक्योतल्या निशी-कासाईसारख्या भागात तर आपली माणसं इतकी आहेत की जपानी शब्द न उच्चारता महिना सहज निघतो. या सगळ्यांना, आणि दुपारी घरात एकट्या असणाऱ्यांना विशेष, माझं एकच सांगणं आहे. जिथे राहता तिथली एक हातकला धरा आणि ती तिथल्याच माणसांत बसून निदान वर्षभर शिका.

पर्यटकांसाठी भरणारे तासाभराचे वर्ग मला यात धरायचे नाहीत. तिथे सगळं आधी मांडून ठेवलेलं असतं, तुम्ही शेवटचा हात फिरवायचा, फोटो काढायचा, वस्तू पिशवीत टाकून निघायचं. पुण्याहून पाहुणे आले की त्यांना अवश्य न्या, त्यांची हौस होते. पण राहत्या माणसाने पाहुण्यासारखं का शिकावं?

कला कुठलीही चालेल. कुणाला मातीकाम आवडेल, कुणाला दोऱ्यांच्या वेण्या विणायचं कुमिहिमो. मी मात्र साशिकोची, म्हणजे धावदोऱ्याच्या जपानी भरतकामाची, शिफारस करीन, कारण तिला भट्टी लागत नाही, जागा लागत नाही आणि मूल झोपेतून उठलं तर काम तसंच खाली ठेवता येतं. जाड सुती कापड, लांब सुई आणि कमी पिळाचा सुती दोरा, एवढ्यावर सुरुवात होते. हे सामान शंभर येनच्या दुकानातही मिळतं. नक्षी छापलेली फडकी मिळतात, त्यांच्या रेषा धुतल्यावर निघून जातात. नवख्यांसाठी ती उत्तम. साधा भरतकामाचा दोरा मात्र वापरू नका. तो चकाकतो, आणि साशिकोला ती चकाकी शोभत नाही.

ही कला गरजेतून आली. उत्तरेकडे थंडी इतकी की कापूस पिकत नसे. आजच्या आओमोरी प्रांताच्या पश्चिम भागात तेव्हा त्सुगारूंचं राज्य होतं. तिथल्या शेतकऱ्यांना १७२४ च्या काटकसरीच्या फर्मानाने सुती कपडे वापरायची बंदी झाली. उरलं ते भांगेच्या वाखाचं विरळ कापड, ज्यातून वारा आरपार जाई. बायकांनी त्या निळ्या कापडाची भोकं पांढऱ्या दोऱ्याने भरून काढली. त्याने ऊब आली, खांद्यापाठीवरचं कापड टिकाऊ झालं, आणि हिवाळ्याच्या रात्री पोरींमध्ये कुणाची नक्षी सरस अशी चढाओढही लागली. या प्रकाराला कोगिन म्हणतात. त्यात उभे धागे एक, तीन, पाच असे विषम मोजतात. शेजारच्या नाम्बू भागातल्या हिशिझाशीत सम मोजतात. छोट्या नक्ष्यांना घरगुती नावं आहेत : मांजराचा डोळा, दाणा, भोपळा. पुढे रेल्वे आली, स्वस्त सुती कापड आलं आणि कोगिन मागे पडलं. १९३२ मध्ये लोककला चळवळीचे प्रणेते यानागी सोएत्सू यांनी 'कोगेई' मासिकात त्याचं मनापासून कौतुक केलं आणि जाणकारांचं लक्ष पुन्हा तिकडे वळलं. शहरात हाच धावदोरा वेगळ्या कामी आला. एदो काळातले आग विझवणारे थरांवर थर शिवलेले जाड अंगरखे पाण्यात भिजवून अंगावर चढवत.

हे सगळं पुस्तकात वाचून कळतं. हाताला कळायला सेन्सेई, म्हणजे गुरू, लागतो. व्हिडिओ पाहून नक्षी येईल, पण तुमचा अंगठा चुकतोय हे व्हिडिओ सांगणार नाही. साशिकोत सुई एकेक टाक्याला ओढत नाहीत. सुई जवळजवळ स्थिर, आणि कापड तिच्यावर चुण्या घालत चढवायचं. मधल्या बोटाच्या मुळाशी चामड्याची अंगठी असते, सुईचं बूड तिच्यावर टेकवून ढकलायचं. दोरा ओढला की कापड आक्रसतं. मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी टाके निपटत निपटत कापड सपाट करायचं. याला इतोकोकी म्हणतात आणि नवखी माणसं नेमकी हीच पायरी गाळतात. मग धुतल्यावर फडकं पापडासारखं वाकडं होतं. कोपऱ्यावर वळताना मागे दोऱ्याचा लहानसा सैल फास ठेवायचा. जिथे बऱ्याच रेषा एकत्र येतात तिथे टाके एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत, मधे इवलीशी जागा मोकळी सोडायची. फडक्याला गाठ मारायची नाही, चार टाके मागे घालून त्यांवरूनच परत यायचं. सेन्सेई यातलं फारसं बोलून दाखवत नाहीत. तुमच्या हातातलं कापड घेतात, दोन टाके घालतात आणि परत देतात.

वर्ग शोधायचा कसा? वॉर्डाचं माहितीपत्रक घरी येतं, ते न वाचता कचऱ्यात टाकू नका. जवळच्या कोमिनकानमध्ये, म्हणजे सार्वजनिक समाजमंदिरात, जाऊन फलक बघा. तिथे हौशी मंडळींचे गट भरतात, बहुतेक साठीसत्तरीच्या बायकांचे, आणि खासगी संस्थांच्या वर्गांपेक्षा ते बरेच स्वस्त पडतात. एकदम नाव घालू नका. आधी 'केनगाकू' करता येईल का विचारा, म्हणजे एक दिवस नुसतं बसून बघायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. महिन्याचे पैसे पाकिटात घालून द्यायचे, नोटा कोऱ्या असल्या तर छान. येणार नसाल तर आधी कळवायचं. संपल्यावर टेबलं पुसायला सगळे थांबतात, तुम्हीही थांबा. खरी ओळख त्या पुसापुशीतच होते.

"आधी भाषा शिकते, मग जाते," असं म्हणत तीन वर्षं घालवलेल्या मैत्रिणी मी पाहिल्यात. परीक्षेच्या पुस्तकातली भाषा आणि सत्तरीच्या बाईची भाषा वेगळी. सुईदोऱ्याच्या वर्गात समोर वस्तू असते, बोट दाखवता येतं आणि गप्प बसलं तरी चालतं. भाषेच्या वर्गात गप्प बसलं की शिक्षक काळजीत पडतात.

काही पथ्यं. दुसऱ्याच दिवशी "ही तर आमच्या आजीची गोधडी!" असं जाहीर करू नका. साम्य आहेच : जुनं सुती, थर, धावदोरा, गरिबी. पण ते तुम्ही टाके घालायला लागल्यावर त्या बायकाच विचारतील, तेव्हा सांगा आणि पुढच्या वेळी गोधडीचा फोटो न्या. चहाबरोबर बाकरवडी न्यायला हरकत नाही, ती हमखास संपते. टाका बसायच्या आत वारलीची माणसं साशिकोत भरून 'फ्यूजन' म्हणून मिरवू नका. आधी आसानोहा, म्हणजे भांगेच्या पानाची नक्षी, नीट येऊ दे. भांगेचं झाड सरळ आणि झपाट्याने वाढतं म्हणून तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर ती नक्षी घालत, तेव्हा कुणाकडे बारसं असेल तर तिच्यापासूनच सुरू करा.

आणि विकायची घाई नको. डिपेंडंट व्हिसावर कमाईचं काही करायचं तर इमिग्रेशनची वेगळी परवानगी लागते. ऑनलाइन दुकान उघडण्याआधी तिथे जाऊन विचारा, मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नका. पैशाचा विषय सोडला तरी, विकायला बसलं की हात लवकर उरकायला लागतो. पहिल्या वर्षाचं काम घरातच वापरा. शरद ऋतूत कोमिनकानचं प्रदर्शन असतं, तिथे तुमचं फडकं नावासकट टांगलं जाईल. घरच्यांना बघायला घेऊन जा.

बऱ्याच ठिकाणी नवं वर्ष एप्रिलपासून धरतात, म्हणजे केनगाकूला मार्चच्या सुरुवातीला गेलेलं बरं. जाताना मोजे तपासा. दारातच बूट काढायला लागतात, आणि शिवणाच्या वर्गात भोक कुणाच्याही नजरेतून सुटत नाही.