घर तपासण्याचाही वर्ग हवा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. तिच्यातील ‘पाहावे’ म्हणजे अनुभव घ्यावा, एवढाच अर्थ आपण घेतो. परंतु घर खरोखरच डोळ्यांनी पाहावे लागते. पाया भरताना, भिंत चढताना, स्लॅब पडताना पाहावे लागते. हे पाहणे शिकवणारा एखादा वर्ग आपल्या महाविद्यालयात असावा, असे मला वाटते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला ही नसती उठाठेव कशाला, असे काहीजण म्हणतील. त्यांच्यासाठीच हा लेखनप्रपंच.

सुरगाणा तालुक्यातील जुने घर आपण पाहिलेले आहे. सागाच्या मेढी, वर आढे व वासे, कारवीच्या किंवा बांबूच्या कुडाला शेणमातीचा लेप आणि डोक्यावर कौले. या घराची परीक्षा करणारे लोक पाड्यापाड्यावर होते. मेढ टाचेने ठोकून आतून पोखरली आहे की नाही, हे म्हातारा माणूस आवाजावरून सांगे. लेप कधी द्यायचा, कौले कधी चाळायची, हे घरातल्या बाईला ठाऊक असे. ही विद्या पुस्तकात नव्हती, पण घरोघर होती.

आता विटा, सिमेंट आणि लोखंड आले. १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेने घेतली. किमान २५ चौरस मीटरचे घर आणि सपाट भागात १ लाख २० हजार, तर डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये अनुदान, असे तिचे स्वरूप ठरले. पक्के घर मिळाले ही आनंदाचीच गोष्ट आहे. कुडाच्या घरात गळती सोसलेल्या माणसाला कुडाचे गोडवे कोणी सांगू नयेत. पण घर बदलले आणि घराची परीक्षा करणारी विद्या मात्र बदलली नाही. सिमेंटची भिंत ठोकून तिच्या पोटात काय आहे, हे आमच्या म्हाताऱ्यांना सांगता येत नाही आणि आम्हा पदवीच्या विद्यार्थ्यांनाही येत नाही.

या योजनेचा एक नियम फार महत्त्वाचा आहे. घर लाभार्थ्याने स्वतः बांधावयाचे किंवा स्वतःच्या देखरेखीखाली बांधून घ्यावयाचे. त्यात ठेकेदार नको. म्हणजे देखरेखीची जबाबदारी घरमालकावर आली. पण देखरेख कशी करावयाची, हे त्याला कोणी शिकवले? बांधकामाचा टप्पा पूर्ण झाला की त्याचे छायाचित्र काढले जाते, ते स्थळाच्या खुणेसह संगणकावर चढते आणि पुढचा हप्ता मिळतो. छायाचित्रात भिंत उभी असल्याचे दिसते. तिच्यात सिमेंट किती, पाणी किती दिवस मारले, लोखंड कुठे ठेवले, हे दिसत नाही. गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे ग्रामीण राजमिस्त्री प्रशिक्षण प्रत्यक्ष घरांच्या बांधकामावर दिले जाते, हे योग्यच आहे. बांधणाऱ्याचे शिक्षण झाले, तपासणाऱ्याचे काय?

अमेरिकेत घर विकत घेण्यापूर्वी स्वतंत्र निरीक्षकाकडून ते तपासून घेण्याची पद्धत आहे. अशा निरीक्षकांची एक संघटना तेथे १९७६ साली स्थापन झाली. त्यासाठी वर्ग भरतात, परीक्षा होतात. आपल्याकडे पाड्यावरचे घर कोणी विकत घेत नाही, म्हणून तसला व्यवसाय येथे चालणार नाही. पण त्यामागील विचार आपण घ्यावा : ज्याने बांधले त्याच्याखेरीज दुसऱ्या जाणत्या डोळ्यांनी घर पाहिले पाहिजे.

या वर्गात शिकवायचे तरी काय? साधने थोडकी लागतात : ओळंबा, गुण्या, पाण्याची पारदर्शक नळी, मेजपट्टी, दोरी. भिंत सरळ आहे का, हे ओळंबा सांगतो. दोरीवर ३, ४ आणि ५ फुटांच्या बाजू धरल्या की काटकोन मिळतो. शाळेत घोकलेला पायथागोरस येथे उपयोगी पडतो. चांगली वीट दुसऱ्या विटेवर आपटली की खणखणीत वाजते आणि नखाने तिच्यावर ओरखडा उठत नाही. गिलाव्यावरची केसासारखी बारीक चीर आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली रुंद चीर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली बहुधा वरवरची असते. दुसरी पाया खचल्याची खूण असू शकते. सळईखाली काँक्रीटचे पुरेसे आवरण नसेल तर ती गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडू लागतात.

आणि सर्वांत मोठा धडा पाण्याचा. साध्या सिमेंटच्या काँक्रीटलाही निदान सात दिवस ओले ठेवावे लागते. आमच्या तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात बायाबापड्या हंडे घेऊन झिरे शोधतात. बांधकाम नेमके त्याच कोरड्या महिन्यांत निघते. शिवाय घरची माणसे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत मजुरीला गेलेली. मग भिंतीला पाणी कोणी घालायचे? काम दिवाळीनंतर ओहोळात पाणी असतानाच उरकावे, स्लॅबवर ओले गोणपाट अंथरावे, एवढे जरी या वर्गाने घराघरांत पोहोचवले तरी त्याचे सार्थक होईल.

‘अर्धवट ज्ञान घातक’ असा आक्षेप येईल. तो मला मान्य आहे. तुळई किती भार पेलेल हे सांगणे अभियंत्याचेच काम. आपण त्यात पडू नये. परंतु ताप किती आहे हे पाहून डॉक्टरकडे न्यावे की नाही, हे आईला कळावेच लागते. अभियंत्याला केव्हा बोलवायचे आणि त्याला काय विचारायचे, एवढे आपल्याला कळले तरी पुष्कळ आहे. गवंड्याशी भांडण होईल, अशीही भीती आहे. म्हणून पाड्यावरच्या अनुभवी गवंड्यालाच या वर्गाचा पहिला व्याख्याता करावे. शिकलेल्यांनी अंगठेबहाद्दराकडून धडा घेण्यात कमीपणा नाही.

सामान्य माणसे हे करू शकतात, याला आपल्याच राज्यात दाखला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचा भार यांखाली ती गाडली गेली. पुढे घरांच्या दुरुस्तीचे व मजबुतीकरणाचे काम निघाले, तेव्हा गावातल्याच स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. अभियंते व घरमालक यांच्यामध्ये त्या दुवा झाल्या. त्यांच्याजवळ पदव्या नव्हत्या.

मग आपल्याजवळ तर निरीक्षण करण्याची, विचारण्याची आणि लिहिण्याची सवय आहे, निदान असावी. घराचा तपासणी अहवाल सोप्या मराठीत लिहिणे, तो घरमालकाला त्याच्या कोकणी बोलीत समजावून सांगणे, हे कलाशाखेचेच काम नव्हे काय? योजनेत प्रत्येक ग्रामपंचायतीत वर्षातून एकदा सामाजिक अंकेक्षण व्हावे अशी तरतूद आहे आणि आपला तालुका पेसा क्षेत्रात आहे. तेव्हा अशा अहवालाला ग्रामसभेत स्थान मिळू शकते.

माझी सूचना लहानशी आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठ शनिवार दोन-दोन तासांचा वर्ग घ्यावा. त्यानंतर राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात एकाच पाड्यावरची बांधकामे चालू असलेली घरे तपासावीत. आम्ही शिबिरात रस्ते झाडतो, ते चांगलेच आहे. पण झाडलेला रस्ता आठ दिवसांत पुन्हा मळतो. नीट पाहून बांधलेल्या घरात मात्र दोन पिढ्या नांदतात. प्राध्यापक मंडळींनी याचा विचार करावा आणि मित्रमैत्रिणींनी नावे द्यावीत. पहिले नाव माझे धरावे.