मोत्याची शाळा

मेंढ्यांचा कुत्रा म्हटला की तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढे एक विलायती चित्र उभे राहते. हिरवीगार टेकडी, शीळ घालणारा धनी आणि पोट जमिनीला लावून, नजर रोखून मेंढ्यांना हवे तिकडे वळवणारा काळापांढरा बॉर्डर कॉली. वेल्समधल्या बाला गावी १८७३ साली अशा कुत्र्यांची परीक्षा घेणारी स्पर्धा भरली, आणि १९०६ साली त्यांच्यासाठी एक स्वतंत्र संस्थाच निघाली. हे सारे मी घोटीला एका म्हाताऱ्या धनगरबाबांना मोठ्या हौसेने सांगितले. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतले आणि विचारले, "आन् रातच्याला लांडगा आला म्हंजी त्ये कुत्रं काय करतं?"

प्रश्न बिनतोड होता. आपल्याकडे मेंढ्या वळवतो तो धनगर स्वतः. हाळी त्याची, काठी त्याची. कुत्र्याने दिवसा कळपाच्या कडेने चालायचे आणि रात्री मेंढ्या वाघरीच्या जाळ्यात शिरल्या की बाहेर पडून राहायचे. वाऱ्यावर परका वास आला तर भुंकून सारा वाडा जागा करायचा. मेंढ्यांना पळवणे हे त्याचे काम नव्हे. त्यांच्याकडे टक लावून पाहणेसुद्धा नव्हे.

ही चर्चा निघाली ती मोत्यामुळे. मोत्या आमच्या मामांचा कुत्रा. इगतपुरी सोडली की गाडीचे पुढचे स्टेशन घोटी, तिथून थोड्या अंतरावर मामांची भातशेती आहे. गोठ्यात दोन डांगी गाई, एक कालवड आणि पाच-सहा शेळ्या. डांगी ही अकोले-इगतपुरीच्या पावसाची जात. तिच्या कातडीला असा तेलकटपणा असतो की पाणी अंगावर ठरत नाही. पण पावसाला न भिणारी गाय कुत्र्याला भिते. गेल्या वर्षी बिबट्याने एक शेळी ओढून नेली म्हणून मामांनी राखणीला हे पिल्लू आणले, आणि सात-आठ महिन्यांचा होताच राखणदारच जनावरांच्या मागे लागला. गाभण गाय त्याच्यापुढे धावता धावता बांधावरून घसरून पडली. सुदैवाने निभावले. पण पुढल्याच आठवड्यात शेजाऱ्यांच्या शेळीचा कान फाटला. शेजारी भले गृहस्थ. घरी येऊन, चहा घेऊन, शांतपणे म्हणाले, "आणखी एकदा झालं तर मी सांगायला येणार नाही. भाकरीत काय घालायचं ते घालीन."

मामांनी मोत्याला चोपून पाहिले. त्यातून तो एकच धडा शिकला: मामा समोर असताना पळवायचे नाही. गळ्यात लाकडाचे लोढणे अडकवले, तर ते घेऊनही तो धावे. मामींनी त्या दिवसांत त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी बांधून ठेवला, आणि दाराबाहेर कोणी भाकरीचा तुकडा टाकत नाही ना, यावर दिवसभर डोळा ठेवला.

भात कापून झाला आणि कार्तिकात सिन्नरकडचे धनगर आले. कापलेल्या शेतात मेंढ्या रात्री बसवायच्या, लेंडीखत शेताला, धान्य किंवा पैसे धनगराला, असा हा जुना व्यवहार. मी तेव्हा मुक्कामाला होतो. बाबांनी मोत्याकडे नुसते पाहिले आणि निदान केले, "कुत्रं वाईट न्हाई. रिकामं हाय."

आता यामागची गोम सांगतो. रोखणे, दबा धरणे, पाठलाग, चावा, शिकार अशी एक साखळी कुत्र्याच्या रक्तात लांडग्यापासून आलेली आहे. कॉलीत माणसाने निवड करकरून शेवटच्या कड्या बोथट केल्या. राखणीचा कुत्रा डोळे उघडल्यापासून मेंढ्यांतच वाढला, तर त्याच्यात ही साखळी सहसा जागीच होत नाही. मेंढ्या त्याला घरच्याच वाटतात. पण त्यासाठी पहिले तीन-चार महिने मोलाचे, आणि मोत्याने ते मामींच्या चुलीशी काढलेले. शिवाय पळत्या जनावरामागे धावणे हेच कुत्र्याला पेढ्यासारखे गोड लागते. म्हणजे प्रत्येक पाठलागाबरोबर त्याला पेढा मिळतो, मग मागाहून तुम्ही काठी मारा नाही तर उपाशी ठेवा.

बाबांनी पहिल्या दिवशी लांब दोरी मागितली. मोत्याला वाघरीपासून वीसेक पावलांवर खुंटीला बांधले. मेंढ्यांकडे पाहून तो ताठला की कोणी बोलायचे नाही. तोंड फिरवले की भाकरीचा तुकडा. दुसऱ्या दिवशी दहा पावले. तिसऱ्या दिवशी एका खाष्ट म्हाताऱ्या मेंढीने त्याला असा ढुसणा दिला की साहेब शेपूट पायांत घालून खुंटीमागे गेले. मग दोरी धरून कळपाच्या कडेने चालणे. इथे बाबांची खरी विद्या दिसली. मोत्याचे कान पुढे झाले, पाय आखडला, की तेवढ्यातच ते दोरीला हलका हिसका देऊन वाट बदलत. "उडी मारल्यावर वढून काय उपेग? कान बघा, पाय मागनं येत्यात."

मरतुकड्या मेंढीचे कच्चे डोके बाबा आपल्या कुत्र्यांना चघळू देत नाहीत. पशुवैद्यही हेच सांगतात: मेंढीला गरगरवणारा गिड रोग कुत्र्याच्या पोटातल्या कृमींतून येतो. म्हणून जंताचे औषध आणि पिसाळण्याची लस या दोन गोष्टी मामांनी त्याच आठवड्यात उरकल्या.

वाडा पाच रात्रींनी पुढे गेला. पाच रात्रींत कुत्रा शहाणा होत नसतो. मामांनी हिवाळाभर दोरी सोडली नाही. माघात गाय व्याली. वासरू कोरडे होईतो मोत्या बांधलेला होता. मग मामांनी त्याला दोरीनेच जवळ नेले. गाईने शिंगे खाली घातली. मोत्या थबकला, तोंड फिरवले आणि मामांच्या खिशाकडे बघत खाली बसला. मामींना रडू आले असे मामा सांगतात. मामी म्हणतात, डोळ्यांत धूर गेला होता.

यंदाच्या पावसाळ्यात तो रात्री गोठ्यापाशीच असतो. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टे घालतात, असे मी सांगितल्यावर मामांनी गावच्या लोहाराकडून तसाच एक करवून घेतला, कारण बिबट्याला शेळीइतकाच कुत्राही आवडतो. आषाढात एका रात्री मोत्याने भुंकून आळी उठवली. सकाळी चिखलात पावले सापडली ती शेजाऱ्यांच्या गोठ्याच्या अंगाला. शेजारी पावले बघून गेले, बोलले काही नाहीत.

बाबांचा वाडा भातकापणीनंतर पुन्हा यायचा आहे. मामींनी त्यांच्यासाठी तांदूळ आताच बाजूला काढून ठेवलाय. गाई, शेळ्या, वासरू या साऱ्यांत मोत्या मोकळा फिरतो. कोंबड्या सोडायच्या वेळी मात्र मामा अजून दोरी शोधतात.