पेटी बोलल्याशिवाय पिशवी नाही

‘सर, जमाना खराब आलाय, आता फोटोवरसुद्धा भरवसा राहिला नाही.’ हे वाक्य स्टाफरूममध्ये, मशिदीच्या पायऱ्यांवर, रिक्षात, सगळीकडे ऐकतो. मला ते साफ नामंजूर आहे. भरवसा राहिला नाही म्हणणारी माणसंच दिवसभर फोटोंवर भरवसा ठेवून वागत असतात. जिथे स्वतःच्या खिशातले पैसे जाणार असतात, तेवढ्याच ठिकाणी त्यांचा भरवसा उडतो.

आमच्या सोलापुरात नवी पेठेत जाऊन बघा. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून हिरवी टिक दाखवतं, ‘झालं भाऊ’. दुकानदार हूं की चूं करत नाही. गल्ल्यावरच्या पेटीतून ‘240 रुपये प्राप्त झाले’ असा आवाज आल्याशिवाय पिशवी त्याच्या हातून सुटत नाही. बरोबरच करतो. पैसे न पाठवता पाठवल्याचा पडदा दाखवणारी बनावट ॲप निघाली, जुन्या स्क्रीनशॉटवरची तारीख आणि रक्कम बदलून दाखवणारे भामटे निघाले, तेव्हापासून धंदेवाला शहाणा झाला. पडद्यावर दिसलं म्हणजे खात्यात आलं असं नसतं, हे त्याला कुठल्या शिबिरात शिकवावं लागलं नाही.

हाच माणूस रात्री शटर ओढून घरी जातो, जेवतो, ग्रुप उघडतो आणि कुणीतरी पाठवलेलं चित्र बघून त्याचं डोकं भडकतं. मिनिटभरात ते चित्र आणखी दहा ठिकाणी गेलेलं असतं. 240 रुपयांसाठी पेटीची वाट बघणारा माणूस, कुणाच्या जिवाचा प्रश्न असतो तेव्हा कशाचीच वाट बघत नाही.

जिवाचा प्रश्न म्हणतोय ते उगाच नाही. मोहसीन शेख सोलापूरचा मुलगा. पुण्यात आयटी कंपनीत नोकरी. 2014 च्या मे महिन्याच्या अखेरीस शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची फेरफार केलेली, विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर फिरली आणि पुणे पेटलं. 2 जूनच्या रात्री हडपसरमध्ये नमाज पढून परतणाऱ्या मोहसीनला जमावाने मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. दाढी होती, टोपी होती, एवढं पुरलं. 2023 च्या जानेवारीत पुण्याच्या न्यायालयाने खटल्यातल्या आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं.

हा आपल्याच लोकांचा प्रश्न आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी 1 जुलै 2018 आठवावा. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात पाच जणांना मुलं पळवणारे समजून, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातली. त्या महिन्यांत देशभर एक व्हिडिओ फिरत होता: मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावरून मूल उचलून नेतात. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली जाहिरात. शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला. फोटोशॉप नाही, भारी यंत्र नाही, फक्त शेवटचे काही सेकंद उडवले.

आता आपल्या ताटाकडेही बघूया. 2012 साली म्यानमारच्या मुसलमानांची म्हणून जी चित्रं आपल्या मोबाइलमध्ये फिरली, त्यात प्रेतांच्या राशीत उभ्या भिक्खूंचा एक फोटो होता. ते तिबेटी भिक्खू 2010 च्या भूकंपात मेलेल्यांचे अंत्यसंस्कार करायला आलेले होते. म्यानमारमधला जुलूम खोटा नव्हता, फोटो खोट्या नावाने फिरत होता. 11 ऑगस्टला मुंबईत आझाद मैदानावर जे झालं त्यात दोघांचा जीव गेला, अमर जवान स्मारकाची तोडफोड झाली. बातमी आली तर आधी तहकीक करा, हा हुकूम सूरह हुजुरातमध्ये आहे. जुम्म्याच्या बयानात आपण तो कितीदा ऐकलाय! ‘आपल्या बाजूचं’ चित्र आलं की तो आठवत नाही.

काही बुजुर्ग म्हणतात, मोबाइलच काढून घ्या पोरांचा. म्हणजे कराचीचा तो व्हिडिओ पोरांनीच फिरवला होता काय? मोठेच फिरवत होते. दुसरीकडे शिकलेली मंडळी म्हणतात, तंत्रज्ञान सुरीसारखं आहे, वापरणारा जबाबदार. ऐकायला छान. पण सुरी विकणारा, शेजाऱ्याचा गळा किती सफाईने कापता येतो, याची जाहिरात करत नाही. आज मोबाइल विकताना हेच सांगतात, फोटोतला नको असलेला माणूस बोटाने पुसा. फोटोशॉप 1990 साली आलं, पण कित्येक वर्षं ते स्टुडिओवाल्यांपुरतंच होतं. मरहूम आजोबांना कोट-टाय चढवून द्यायचे, पासपोर्टच्या फोटोमागचा रंग बदलायचे. त्याला वेळ लागायचा, पैसे लागायचे आणि समोर माणूस असायचा, जो नको ते काम आलं तर नाही म्हणू शकायचा. तो माणूस मधून गेला. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. ठीक. पण पाच जणही कमी नसतात.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड.ला आम्हाला शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणून ओएचपीवर पारदर्शिका ठेवायला शिकवलं. चित्र कसं दाखवायचं ते शिकलो, वाचायचं कसं ते कुणी शिकवलं नाही. आज नववीतली मुलगी उताऱ्यावरचे प्रश्न सोडवते: लेखक कोण, कशाबद्दल बोलतो, शेवट काय. हेच प्रश्न चित्राला विचारायला काय हरकत आहे? कुणी काढलं, कुठे, कधी, कडेला काय कापलंय, याआधी कुठे छापलंय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गूगल लेन्स फुकट शोधून देतं. तिबेटी भिक्खूंचा फोटो आठवीतला मुलगा दोन मिनिटांत पकडेल, मी वर्गात करून पाहिलंय.

त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट बघायला नको, आठवड्याचा एक तास पुरतो. आणि नवी पेठेतल्या ज्या दुकानदारांना पोरांचे मास्तर कशाला नसत्या भानगडीत पडतात असं वाटतं, त्यांनी गल्ल्यावरची पेटी एक दिवस बंद ठेवावी आणि गिऱ्हाइकाच्या हिरव्या टिकेवर माल द्यावा.